फोटो रिसाइज करताना: आधी काय, मग काय आणि फोटो बिघडतो कुठे

फोटो लहान करणं दोन मिनिटांचं काम आहे असं समजून बहुतेक जण ते अगदी शेवटी करायला घेतात. मग ऑनलाइन अर्ज फोटो नाकारतो, छापलेला फोटो फाटलेला दिसतो, चेहरा उभट होतो, नाहीतर ५० केबीची मर्यादा असताना ३ एमबीची फाइल पुन्हा पुन्हा चढवली जाते. सॉफ्टवेअर येत नाही म्हणून हे क्वचितच होतं. बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो, आणि 'साइज' या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

खाली दिलेला क्रम फोटोशॉप, गिंप, इरफानव्ह्यू यांपैकी कशातही चालतो. मेन्यूंची नावं आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे होतील. क्रम मात्र बदलू नका.

## १. कुठली 'साइज' मागितली आहे ते ओळखा

फोटोचं पहिलं माप पिक्सेलचं. ४००० × ३००० म्हणजे एका आडव्या ओळीत ४००० ठिपके आणि अशा ३००० ओळी, एकूण १ कोटी २० लाख ठिपके. फोटोत प्रत्यक्ष असलेला माल एवढाच.

दुसरं माप कागदावरचं, सेंटीमीटर किंवा इंचांतलं. एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, म्हणजे पीपीआय, यावर ते ठरतं. ४००० × ३००० चा फोटो ३०० पीपीआयने छापला तर १३.३ × १० इंच होतो. तोच ७२ पीपीआयने छापला तर ५५.६ × ४१.७ इंच. दोन्ही वेळा फाइल तीच आणि पिक्सेलही तेवढेच. त्यामुळे फाइलच्या माहितीत ७२ दिसलं की 'रेझोल्यूशन कमी आहे' म्हणून धास्तावू नका. तो फाइलमध्ये लिहून ठेवलेला एक आकडा आहे, फोटो पडद्यावर कसा दिसतो याच्याशी त्याचा संबंध नाही. अर्जांमध्ये यालाच डीपीआय म्हटलेलं असतं. या कामापुरता दोन्हींचा अर्थ एकच धरा.

तिसरं माप वजनाचं, केबी-एमबीचं. पिक्सेल किती, चित्रात बारकावे किती आणि सेव्ह करताना दाबलं किती, या तिन्हींवर ते अवलंबून असतं. एकाच मापाचे दोन फोटो, एक स्वच्छ भिंतीसमोर काढलेला आणि दुसरा झाडाच्या पानांसमोर काढलेला, एकाच सेटिंगवर सेव्ह केले तर पानांचा फोटो कितीतरी जड होतो.

छपाईसाठी हिशेब सोपा आहे. इंचांना ३०० ने गुणा, सेंटीमीटरना ११८.११ ने. नेहमी लागणारी मापं अशी:

- ३.५ × ४.५ सेमी: ४१३ × ५३१ पिक्सेल
- ४ × ६ इंच: १२०० × १८०० पिक्सेल
- ए४ कागद: २४८० × ३५०८ पिक्सेल

लांबून बघायच्या मोठ्या फलकाला १०० ते १५० पीपीआयही पुरतं. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० धरा.

तपासा: पुढे जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये, केबीची कमाल मर्यादा आणि असेल तर किमानही, फाइलचा प्रकार, आणि फोटो पडद्यासाठी आहे की कागदासाठी. यातलं एक जरी माहीत नसेल तर सॉफ्टवेअर उघडू नका, आधी ते शोधा.

## २. खरी मूळ फाइल मिळवा आणि तिची प्रत काढा

निम्मे फोटो इथेच बिघडलेले असतात, पुढची मेहनत मग वाया जाते. मेसेजिंग अ‍ॅपवरून 'फोटो' म्हणून आलेलं चित्र वाटेतच लहान झालेलं आणि दाबलेलं असतं. पाठवणाऱ्याला तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबलने थेट कॅमेऱ्यातून घ्या. फोटोचा स्क्रीनशॉट काढला तर पडद्याचे जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच मिळतात. मागचे कोटभर पिक्सेल मागेच राहतात.

फाइल उघडून पिक्सेल पाहा. लागणाऱ्या मापापेक्षा ते जास्त असले पाहिजेत, दुप्पट असतील तर उत्तम. मग लगेच नवीन नावाने प्रत काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवरच करा. नावातच माप लिहिलं की गोंधळ होत नाही, जसं 'arj-413x531'. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवलेलं बरं, कारण काही वेबसाइटना इतर नावं चालत नाहीत.

सावधान: काही फोनमधून एचईआयसी प्रकारची फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटची अक्षरं खोडून 'जेपीजी' लिहिलं म्हणजे ती जेपेग होत नाही. आतला मजकूर तोच राहतो आणि वेबसाइट 'फाइल खराब आहे' म्हणते. सॉफ्टवेअरमध्ये उघडून जेपेग म्हणून एक्स्पोर्ट करावीच लागते.

शब्दलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो चिकटवून कोपरा ओढून तो छोटा करणं हे रिसाइज नव्हे. तिथे फक्त दिसणं छोटं होतं, पिक्सेल तसेच राहतात.

## ३. दिशा, मोड आणि रंग सरळ करून घ्या

कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि 'दाखवताना वळवा' अशी एक खूण फाइलमध्ये ठेवलेली असते. तुमच्या पडद्यावर तो सरळ दिसतो, पण ही खूण न वाचणाऱ्या वेबसाइटवर आडवा पडतो. सॉफ्टवेअरने उघडताना वळवायचं का असं विचारलं तर 'हो' म्हणा. नंतर माप बघा: उभ्या फोटोची उंची रुंदीपेक्षा जास्त आकड्याची असली पाहिजे.

मग मोड. फोटोशॉप आणि गिंप दोन्हींत 'इमेज' मेन्यूत 'मोड' असतो. तिथे 'आरजीबी'वर खूण हवी. 'इंडेक्स्ड' असेल, म्हणजे मूळ फाइल जीआयएफ किंवा मोजक्या रंगांची पीएनजी असेल, तर आधी आरजीबी करा. इंडेक्स्ड चित्रात मधल्या छटा तयार करायला रंगच शिल्लक नसतात, म्हणून ते लहान-मोठं केलं की कडा दातेरी होतात. 'सीएमवायके' हा छापखान्याचा मोड आहे. वेबसाइटवर अशी जेपेग चढवली तर रंग भलतेच दिसतात किंवा फाइल नाकारली जाते.

पडद्यासाठी रंगाचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचे नेमके कुठले रंग समजायचे ते सांगणारी नोंद, एसआरजीबी असावं. अ‍ॅडोबी आरजीबीमधला फोटो तसाच चढवला तर त्वचा फिकी, करडी दिसू शकते. फोटोशॉपमध्ये 'एडिट' मेन्यूतलं 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. त्याच्या शेजारीच 'असाइन प्रोफाइल' आहे, त्यात हात घालू नका. कन्व्हर्ट रंग तेच ठेवून आकडे बदलतं. असाइन आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं आणि रंग हलतात.

## ४. दुरुस्त्या आधी, क्रॉप नंतर, रिसाइज त्याच्याही नंतर

उजेड, रंग, डाग, लाल डोळे, तिरकी क्षितिजरेषा, जे काही सुधारायचं ते पूर्ण मापाच्या फोटोवर सुधारा. लहान केलेल्या फोटोवर ब्रशने डाग काढायला गेलात तर डागाबरोबर भुवईही जाते, कारण तिथे भुवई उरलेलीच असते दोन-तीन पिक्सेलची.

आता प्रमाण. चेहरे उभट किंवा पसरट होतात त्याचं मूळ इथे आहे. कॅमेऱ्याचा फोटो सहसा ४:३ किंवा ३:२ असतो आणि हवं असलेलं माप वेगळ्याच प्रमाणाचं असतं. ते प्रमाण फक्त क्रॉपने गाठायचं, ओढून-ताणून कधीच नाही.

उदाहरण घ्या. ४००० × ३००० चा फोटो ६ × ४ इंचांत छापायचा आहे. कागद ३:२ आहे आणि फोटो ४:३. क्रॉपचं प्रमाण ३:२ केलं की ४००० × २६६७ उरतात. ३३३ ओळी जातात. वरून छपरं कापायची की खालून पाय, हे तुम्ही ठरवा. तुम्ही ठरवलं नाही तर छापणारं यंत्र ठरवेल आणि कुणाच्या तरी डोक्याचा वरचा भाग उडेल.

अर्जाच्या ३.५ × ४.५ फोटोचं प्रमाण ७:९ आहे. क्रॉपच्या चौकटीत ७ आणि ९ हे आकडे टाका, चेहरा मध्ये घ्या, डोक्याच्या वर थोडी जागा सोडा. समजा चौकट १४०० × १८०० पिक्सेलची बसली. छान. त्यातून ४१३ × ५३१ करताना एकही पिक्सेल ताणावा लागत नाही, कारण ५३१ चे सात नवमांश बरोबर ४१३ येतात.

सावधान: फोटोशॉपच्या क्रॉप साधनात वरच्या पट्टीवर 'रेशो' निवडा. तिथेच 'रुंदी × उंची × रेझोल्यूशन' असाही पर्याय असतो. तो निवडला तर क्रॉप करता करताच फोटो रिसाइज होतो, तेही न सांगता. नंतर तुम्ही पुन्हा रिसाइज करता आणि एका कामासाठी फोटो दोनदा दळला जातो.

फोटो कापायचा नाही आणि चौकोनी जागेत बसवायचाच आहे, अशी वेळ आली तर 'कॅनव्हास साइज' वापरा. त्याने फोटो तसाच राहतो आणि भोवती पांढरी जागा वाढते. लोगोसाठी हाच मार्ग योग्य.

## ५. प्रत्यक्ष रिसाइज: एकदाच, मोठ्यातून लहान

फोटोशॉपमध्ये 'इमेज' मेन्यूतलं 'इमेज साइज', किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि आय एकदम दाबा. गिंपमध्ये 'इमेज' मेन्यूत 'स्केल इमेज'. इरफानव्ह्यूमध्ये कंट्रोल आणि आर.

१. एकक 'पिक्सेल' करा. ते सेंटीमीटर किंवा टक्क्यांवर राहिलेलं असतं आणि ४१३ च्या जागी ४१३ टक्के होतात. असं झालं की संगणक एकदम मंदावतो. तसं दिसताच 'कॅन्सल' दाबा.

२. रुंदी आणि उंचीमधली साखळी जोडलेली आहे का ते बघा. तुटलेली साखळी म्हणजे ताणलेला चेहरा.

३. फोटोशॉपमध्ये 'रीसॅम्पल'ची खूण बघा. या एका चौकोनावर सगळं काम अवलंबून आहे. खूण असेल तर पिक्सेलची संख्या बदलते. खूण काढली तर फक्त पीपीआयचा आकडा आणि कागदावरचं माप बदलतं, पिक्सेल जसेच्या तसे राहतात. 'फोटो ३०० डीपीआय हवा' एवढीच मागणी असेल आणि पिक्सेल पुरेसे असतील, तर खूण काढा, ३०० लिहा आणि ओके करा. खूण ठेवून ७२ चे ३०० केले तर सॉफ्टवेअर प्रत्येक दिशेला चौपटीहून जास्त पिक्सेल मनाने भरतं आणि फोटो लोण्यासारखा मऊ पडतो. गिंपमध्ये ही दोन कामं वेगळ्या मेन्यूत आहेत: पिक्सेल 'स्केल इमेज'मध्ये, कागदावरचं माप 'प्रिंट साइज'मध्ये.

४. एकच बाजू भरा, दुसरी आपोआप येऊ द्या. ६००० × ४००० च्या फोटोत रुंदी १२०० लिहिली की उंची ८०० दिसली पाहिजे. नसेल तर मागे जा: क्रॉप चुकला आहे किंवा साखळी तुटली आहे. एका पिक्सेलचा फरक आला, म्हणजे ५३१ ऐवजी ५३० दिसलं, तर ती क्रॉपमधली पूर्णांकाची तफावत आहे. अर्जाला काटेकोर माप हवं असेल तर तेवढ्यापुरती साखळी सोडून आकडा दुरुस्त करा. एका पिक्सेलने चेहरा ताणला जात नाही.

५. पद्धत निवडा. फोटो लहान करायचा असेल तर फोटोशॉपमध्ये 'बायक्युबिक', किंवा थोडी धार हवी असेल तर 'बायक्युबिक शार्पर'. गिंपमध्ये निम्म्याहून लहान करताना 'नोहेलो'. इरफानव्ह्यूमध्ये 'रिसाइज' नव्हे, 'रिसॅम्पल' निवडा आणि फिल्टर 'लँक्झॉस' ठेवा. स्क्रीनशॉट किंवा चौकोनी ठिपक्यांचं चित्र दुप्पट-तिप्पट असं पूर्ण पटीत मोठं करायचं असेल तरच 'निअरेस्ट नेबर'. गिंपमध्ये याचं नाव 'नन' आहे. फोटोवर ती पद्धत वापरली की केस आणि चष्म्याची काडी पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

'एकदाच' यावर जोर आहे. ४००० चे २०००, दोन हजारांचे ८००, मग वाटलं लहान झाला म्हणून ८०० चे १०००, असं कधी करू नका. दर वेळी शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून नवे तयार होतात आणि कडा बोथट होत जातात. माप चुकलं तर 'अंडू' करून मूळ मापावर या आणि तिथून पुन्हा सुरू करा. फोटोशॉपमध्ये एखादा थर वारंवार लहान-मोठा करावा लागणार असेल तर आधी तो 'स्मार्ट ऑब्जेक्ट' करा, म्हणजे मूळ पिक्सेल आत सुरक्षित राहतात.

तपासा: रिसाइजनंतर फोटो १०० टक्क्यांवर पाहा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि १, गिंपमध्ये नुसतं १. ३३ किंवा ६७ टक्क्यांवर पडद्यावरचं चित्र सॉफ्टवेअरने पुन्हा लहान करून दाखवलेलं असतं, त्यावरून धार जोखता येत नाही. साडीची बारीक चौकट, विटांची भिंत, जाळीचं दार अशा जागी लाटांसारखी खोटी नक्षी उमटली आहे का ते बघा. उमटली असेल तर मागे जा, पूर्ण मापाच्या फोटोवर त्या भागापुरता हलका 'गॉशन ब्लर' द्या आणि पुन्हा लहान करा. लहान झालेल्या फोटोतून ती नक्षी काढता येत नाही.

## ६. धार द्या, पण सगळ्यात शेवटी

पिक्सेल मिसळल्यामुळे लहान केलेला फोटो किंचित मऊ होतो. फोटोशॉपमध्ये 'फिल्टर', 'शार्पन', 'अनशार्प मास्क' इथे जा. पडद्यासाठी अमाउंट ५० ते ८०, रेडियस ०.३ ते ०.५, थ्रेशोल्ड ० ते २ पुरे. ३०० पीपीआयच्या प्रिंटसाठी रेडियस १ च्या आसपास न्यायला हरकत नाही, कारण कागदावर शाई थोडी पसरते. गिंपमध्ये हेच साधन 'फिल्टर्स', 'एन्हान्स' खाली आहे. तिथे उघडताना रेडियस ३ असतो. लहान फोटोला तो फार होतो, ०.५ ते १ वर आणा.

जास्त धार कशी ओळखायची? खांद्याची कडा बघा. गडद सदरा आणि उजळ भिंत यांच्यामध्ये एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली, जणू माणसाला खडूने रेखलं आहे, तर धार जास्त झाली. केसांची टोकं तारेसारखी चमकत असतील तरी तेच. अमाउंट निम्म्यावर आणा.

सावधान: आधीच्या टप्प्यात 'बायक्युबिक शार्पर' वापरलं असेल, किंवा पद्धत 'ऑटोमॅटिक'वर सोडली असेल, तर थोडी धार आधीच लागलेली असते. वर पुन्हा अनशार्प मास्क लावण्याआधी १०० टक्क्यांवर बघा. बऱ्याचदा गरज नसते. आणि मोठ्या फोटोला धार देऊन मग लहान केला तर ती धार लहान होताना विरून जाते, श्रम फुकट.

## ७. योग्य प्रकारात सेव्ह करा

माणसं, निसर्ग, कुठलाही कॅमेऱ्याचा फोटो असेल तर जेपेग. स्क्रीनशॉट, लोगो, अक्षरं असलेलं चित्र, पारदर्शक पार्श्वभूमी असेल तर पीएनजी. फोटो पीएनजीत सेव्ह केला तर विनाकारण कितीतरी पट जड होतो, आणि अक्षरं जेपेगमध्ये दाबली तर त्यांच्याभोवती डासांसारखे ठिपके उठतात.

जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातली बारीक माहिती टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही. म्हणून एकच जेपेग उघडून, बदलून, पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह करत राहिलं की फोटो हळूहळू किडतो. काम चालू असताना फोटोशॉपमध्ये पीएसडी आणि गिंपमध्ये एक्ससीएफ ठेवा. जेपेग फक्त शेवटी, एकदाच काढा. गिंपमध्ये 'सेव्ह' केलं तर एक्ससीएफच होते, जेपेगसाठी 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' वापरा.

क्वालिटीचे आकडे सगळीकडे सारखे नसतात. फोटोशॉपच्या साध्या सेव्हमध्ये ० ते १२ असतात, 'सेव्ह फॉर वेब'मध्ये ० ते १००. गिंपमध्येही ० ते १००, पण त्यातले ८० आणि फोटोशॉपमधले ८० एक नव्हेत. त्यामुळे कुणी '८० ठेव' म्हटलं तर कुठल्या सॉफ्टवेअरमधले ते विचारा. शंभराच्या मोजपट्टीवर ८० ते ८५ ही बहुतेक फोटोंना चांगली जागा आहे. ९५ च्या पुढे फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला काही वेगळं दिसत नाही.

फोटो सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी जाणार असेल तर एक्स्पोर्ट करताना एक्झिफची, म्हणजे फोटोबरोबर फाइलमध्ये साठवलेल्या माहितीची, खूण काढा. फोनच्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. वर काही केबीही वाचतात. रंगाचं प्रोफाइल मात्र राहू द्या.

## ८. केबीच्या मर्यादेत बसवणं

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पिक्सेल बरोबर करायचे, मग क्वालिटी. बरेच जण ४००० × ३००० चाच फोटो क्वालिटी ५ वर आणून ५० केबीत कोंबायचा प्रयत्न करतात. चेहऱ्यावर फरशा बसवल्यासारखे चौकोन दिसतात आणि तरी फाइल बसत नाही.

हिशेब पाहा. ४००० × ३००० चा फोटो न दाबता प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरून ३ कोटी ६० लाख बाइट भरतो. ४१३ × ५३१ चा फोटो भरतो साधारण ६ लाख ५८ हजार बाइट. पन्नास केबीत जायला दुसऱ्याला जेमतेम तेरा पट दाबावं लागतं, जे जेपेगला सहज जमतं. पहिल्याला सातशे पट दाबावं लागेल.

पिक्सेल बरोबर झाल्यावर क्वालिटी ८५ पासून सुरू करा आणि पाच-पाचने उतरा. गिंपच्या एक्स्पोर्ट खिडकीत पूर्वदृश्य चालू केलं की फाइलचं वजन तिथेच दिसतं. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये 'ऑप्टिमाइज टू फाइल साइज' आहे, त्यात हवे ते केबी थेट लिहिता येतात. मर्यादा ५० असेल तर ४५ चं लक्ष्य धरा. काही ठिकाणी १ केबी म्हणजे १००० बाइट धरतात, काही ठिकाणी १०२४, आणि काठावरची फाइल या फरकात अडकते.

क्वालिटी ६० च्या खाली न्यावी लागत असेल तर थांबा आणि पार्श्वभूमी बघा. कमी उजेडात काढलेल्या फोटोत मागची भिंत साधी वाटते, पण १०० टक्क्यांवर पाहिली तर तिच्यावर रंगीत वाळू पसरल्यासारखी दिसते. ही वाळू जेपेगला बारकावा वाटते आणि केबी खाते. चेहरा सोडून फक्त भिंत निवडा, तिच्यावर हलका ब्लर द्या, पुन्हा एक्स्पोर्ट करा. त्याच क्वालिटीला वजन उतरलेलं दिसेल, आणि चेहरा जसाच्या तसा राहिलेला असेल. क्वालिटी घटवून चेहरा खराब करण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

उलटीही अडचण येते: '२० ते ५० केबी' अशी अट आणि फाइल १४ केबीची. क्वालिटी वाढवा. तेवढ्याने भागलं नाही आणि अर्जात पिक्सेलचं माप सक्तीचं नसेल, तर मूळ फोटोवरून थोड्या मोठ्या मापाचा नवा रिसाइज करा. लहान झालेला फोटोच परत मोठा करू नका.

लाल अक्षरं किंवा गडद लाल कापडाच्या कडा जेपेगमध्ये विटत असतील तर गिंपच्या एक्स्पोर्टमध्ये 'सबसॅम्पलिंग' ४:४:४ वर ठेवा. वजन थोडं वाढतं, कडा सुधारतात.

## ९. मोठा करायचाच असेल तर

८०० × ६०० चा फोटो १६०० × १२०० केला तर ४.८ लाखांचे १९.२ लाख पिक्सेल होतात. म्हणजे चारातले तीन पिक्सेल सॉफ्टवेअरने शेजाऱ्यांकडे बघून भरलेले. त्यात नवी माहिती नसते. म्हणून मोठं करण्याआधी मूळ मोठी फाइल शोधण्यात वेळ घालवा, तो सत्कारणी लागतो.

नाइलाज असेल तर फोटोशॉपमध्ये 'प्रिझर्व्ह डिटेल्स २.०' वापरा आणि दुप्पटीच्या पुढे जाऊ नका. दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेण्याची युक्ती सांगितली जाते. तिने कडा फक्त जास्त मऊ होतात, एका झटक्यात वाढवा. जेपेगचे चौकोन आधीच दिसत असतील तर मोठं करण्यापूर्वी हलकं 'रिड्यूस नॉइज' द्या, नाहीतर ते चौकोनही इमानेइतबारे मोठे होतात. तपशील स्वतः रचणारी एआय साधनं चेहऱ्यांवर वापरताना जपून: पापण्या, दात, तीळ ती मनाने घालतात. ओळखपत्राच्या फोटोला ती वापरूच नका.

## १०. ढीगभर फोटो एकदम

फोटोशॉपमध्ये 'फाइल', 'स्क्रिप्ट्स', 'इमेज प्रोसेसर'. इरफानव्ह्यूमध्ये बी. दोन खबरदाऱ्या घ्या. फक्त रुंदी १२०० देऊ नका; उभे फोटो आडव्यांपेक्षा अवाढव्य होतात. लांब बाजूचं माप द्या, किंवा १२०० × १२०० च्या चौकटीत बसव असं सांगा. आणि लहान फोटो मोठे न करण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

निकाल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये. आधी पाच फोटोंवर चालवून बघा, त्यात किमान एक उभा आणि एक अंधारा असू द्या. मगच बाकीचे सोडा.

## ११. पाठवण्याआधी

सॉफ्टवेअरमधला फोटो बघून समाधान मानू नका. तिथे अजून न दाबलेलं चित्र दिसत असतं. तयार झालेली जेपेग बंद करून पुन्हा उघडा. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये पिक्सेल, केबी आणि प्रकार बघा आणि पहिल्या टप्प्यात कागदावर लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. डोळे, केसांची कडा आणि मागची भिंत १०० टक्क्यांवर एकदा नजरेखालून घाला. प्रिंट असेल तर ए४ वर एक नमुना काढून कागदावर पट्टी ठेवून मोजा: ३.५ सेमीचा फोटो ३.४ भरला तर छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' चालू राहिलेलं आहे, ते बंद करून १०० टक्के करा.

आणि मूळ फाइल उघडून तिचे पिक्सेल बघा. ४००० × ३००० च दिसले पाहिजेत. तिथे ४१३ × ५३१ दिसलं तर चुकून मूळ फाइलवरच सेव्ह झालं आहे. अशा वेळी संपादनाची खिडकी बंद करू नका. ती उघडी असेपर्यंत हिस्ट्रीत मागे जाता येतं: रिसाइज आणि क्रॉपच्या आधीच्या पायरीवर या आणि सर्वोच्च क्वालिटीवर मूळ नावाने सेव्ह करा.